लग्नाचा दाखला आणि औषधाची खिडकी

‘मिंधा’ या शब्दाला हिंदीत नेमका प्रतिशब्द मला आजवर सापडलेला नाही. ‘एहसानमंद’ फार गोड आहे. त्यात कृतज्ञता आहे, पण मान खाली गेलेली नाही. मिंधा माणूस ज्याचं खाल्लं त्याच्यासमोर मत मांडायचं थांबतो. अनुवादात हा शब्द आला की मी एक अख्खं वाक्य खर्ची घालते.

ब्रिटनमध्ये राहणारी माझी एक मैत्रीण हा शब्द फोनवर सहज वापरून गेली. नवऱ्याच्या मागोमाग ती जोडीदाराच्या व्हिसावर तिथे गेली, पहिलं बाळंतपण सरकारी आरोग्यसेवेत झालं, हातात बिल आलं नाही. “एक पैसा लागला नाही गं, पण उगीच मिंधं झाल्यासारखं वाटतं,” असं ती म्हणाली. कोणाची मिंधी, हे मी विचारलं तेव्हा तिला चटकन सांगता आलं नाही.

हिशेबानं पाहिलं तर तिला लागलेला पैसा थोडाथोडका नव्हता. ब्रिटननं एप्रिल 2015 पासून व्हिसाच्या अर्जासोबतच आरोग्य अधिभार घ्यायला सुरुवात केली. तेव्हा तो वर्षाला 200 पौंड होता. फेब्रुवारी 2024 पासून प्रौढ माणसाला 1,035 पौंड झाला. जोडीदाराचा पहिला व्हिसा बाहेरून अर्ज केल्यास 33 महिन्यांचा असतो आणि त्यासाठी तीन वर्षांचा अधिभार, म्हणजे 3,105 पौंड, आधीच भरावा लागतो. पुढे नोकरी लागली की पगारातून इतरांसारखीच कपात. त्याच व्हिसावर ‘सार्वजनिक निधीचा आधार नाही’ अशी अट असते, पण सरकारी आरोग्यसेवा त्या ‘निधी’त मोजली जात नाही. म्हणजे घरभाड्याची मदत घेतली तर नियमभंग, आणि सिझेरियन करून घेतलं तर तो हक्क. हा भेद कायद्यात स्वच्छ आहे, लोकांच्या बोलण्यात मात्र कुठेच नाही.

“मग तू भरलेत की पैसे,” असं मी तिला म्हणू शकले असते, आणि आपल्यातले बहुतेक जण हेच म्हणतील. मध्यमवर्गीय स्वाभिमानाला हे उत्तर फार आवडतं. मला ते पुरेसं वाटत नाही. भरले म्हणून घेतलं, एवढ्यावर हक्क उभा केला तर तिच्या बाळानं काय भरलं होतं? ज्यानं आयुष्यभर वीटभट्टीवर काम केलं आणि ज्याच्या नावावर प्राप्तिकराची एक ओळ नाही, त्याचं काय? (वस्तूंवरचा कर तोही भरतो, हे खरं, पण हा युक्तिवाद लोकांना नेमका गरिबाच्या वेळी आठवत नाही.) शिवाय तिच्या बाबतीत पैसे भरले होते नवऱ्यानं. हिशेबाचं उत्तर तिला सरकारच्या मिंधेपणातून सोडवतं आणि नवऱ्याच्या मिंधेपणात नेऊन बसवतं.

मी स्वतः लग्न होऊन जयपूरला आले. परदेशात नाही, त्यामुळे व्हिसा लागला नाही. मूल निवास प्रमाणपत्र आणि जनआधार कार्ड लागलं. महाराष्ट्रात राहणाऱ्या वाचकांना याचं महत्त्व कदाचित जाणवणार नाही. राजस्थाननं 2 ऑक्टोबर 2011 पासून सरकारी रुग्णालयांत मोफत औषधं द्यायला सुरुवात केली, 2013 मध्ये मोफत तपासण्या आणल्या. 2021 मध्ये चिरंजीवी विमा योजना आली: ज्यांना पूर्ण सवलत नव्हती त्या कुटुंबांनी वर्षाला 850 रुपये भरायचे आणि सुरुवातीला पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत घ्यायचे. ही मर्यादा पुढे 25 लाखांपर्यंत गेली. सरकार बदललं, योजनेचं नावही बदललं. मार्च 2023 मध्ये विधानसभेनं आरोग्याच्या हक्काचा कायदा केला, त्याआधी खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले होते. या सगळ्या व्यवस्थेत शिरण्याचं दार म्हणजे राज्याचा रहिवासी असणं. त्याचा पुरावा गल्लीतल्या ई-मित्र केंद्रावर निघतो, आणि माझ्यासारखीच्या बाबतीत त्या पुराव्याच्या मुळाशी लग्नाचा दाखला असतो.

सवाई मानसिंह रुग्णालयातल्या औषधाच्या खिडकीसमोरच्या रांगेत मी अनेकदा उभी राहिले आहे. मिंधं वाटलं नाही. पण रांगेतल्या एका बाईनं माझं हिंदी ऐकून “आप बाहर की हैं?” असं विचारलं, तेव्हा तिच्या स्वरात राग नव्हता, पण प्रश्न रास्त होता. तिच्या आधी माझा नंबर होता.

हा प्रश्न आपल्या न्यायालयांसमोरही येऊन गेला आहे. 1955 मधला डी. पी. जोशी विरुद्ध मध्य भारत हा खटला इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाबद्दलचा. (होळकरांचं इंदूर, त्यामुळे मराठी माणसाला ते शहर ‘बाहेरचं’ म्हणणं जरा जड जातं.) राज्याबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून जादा शुल्क घेणं सर्वोच्च न्यायालयानं बहुमतानं वैध ठरवलं. जन्मस्थान वेगळं आणि निवास वेगळा, आणि राज्यात राहणारा विद्यार्थी शिकून राज्याच्या उपयोगी पडण्याचा संभव अधिक, अशी विचाराची दिशा होती. ऑक्टोबर 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर आला तो रुग्णांचा प्रश्न. उत्तर प्रदेशच्या सीमेला लागून असलेल्या गुरू तेग बहादूर रुग्णालयात दिल्लीच्या मतदारांसाठी 80 टक्के खाटा राखण्याचा प्रयोग दिल्ली सरकारनं केला होता. न्यायालयानं तो रद्द केला.

हे दोन निकाल शेजारी ठेवले की मला एक गोष्ट दिसते. विद्यार्थ्याबद्दल ‘पुढे परतफेड करेल’ असं म्हणता येतं, रुग्णाबद्दल म्हणता येत नाही. काही रुग्ण मरणारच असतात. त्यांच्यावर केलेला खर्च कधी परत येणार नाही हे माहीत असूनही तो करायचा असतो, म्हणून उपचाराचा हक्क देण्याघेण्याच्या हिशेबावर बसवता येत नाही. तो बसतो एकत्र राहण्यावर. जो माणूस इथलं पाणी पितो, इथल्या डासांना चावू देतो, त्याचा ताप इथलाच.

पण रांग खरी आहे. खाटा मोजक्या आहेत, आणि माझ्यासारखीकडे खासगी विमाही असतो. तेव्हा मी मोफत खिडकीवर जावं का? माझं मत असं की औषधासाठी, तपासणीसाठी जरूर जावं. शिकलेली, तक्रार लिहिता येणारी माणसं रांगेतून नाहीशी झाली की खिडकी लवकर बंद होते. मोजक्या खाटांच्या बाबतीत मात्र दुसरा पर्याय असणाऱ्यानं मागे थांबावं. आणि ही जबाबदारी बाहेरून आलेल्या सुनेची जेवढी, तेवढीच सात पिढ्या जयपुरात काढलेल्या जवाहिऱ्याची. निकष ऐपतीचा असेल तर मला मान्य आहे. माहेर कुठलं हा निकष मला मान्य नाही.

याच राजस्थानात व्हिसावर राहणाऱ्या बायका आहेत. सिंधमधल्या उमरकोटचे सोढा राजपूत एकाच कुळाचे, आपसांत लग्नं करत नाहीत, म्हणून फाळणीनंतरही त्यांची सोयरीक बाडमेर, जैसलमेर, जोधपूरकडे होत राहिली. तिकडून आलेली सून आधी साध्या व्हिसावर येते, मग दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहते. नागरिकत्व कायद्याप्रमाणे भारतीयाशी लग्न झालेल्या व्यक्तीला नोंदणीसाठी अर्ज करण्याआधी सात वर्षं इथे राहावं लागतं. त्या सात वर्षांत ती गरोदर राहते, आजारी पडते, तिची मुलं भारतीय असतात. 2021 मध्ये कोविडची लस देताना ओळखपत्र मागितलं जाऊ लागलं, तेव्हा पाकिस्तानातून आलेल्या विस्थापितांचा प्रश्न जोधपूरच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला. विषाणूला व्हिसा कळत नाही, हे तेव्हा सगळेच म्हणत होते. साथ ओसरली आणि बोलणंही ओसरलं. एप्रिल 2025 मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले; दीर्घ मुदतीचे त्यातून वगळले गेले. ज्यांचा अर्ज तेव्हा अजून टेबलावर होता, अशा सुनेची ती रात्र कशी गेली असेल, याचा विचार मी करते.

या बाईचा दोष काय, तर तिचं लग्न झालं आणि शिक्का उमटला नाही. माझा गुण काय, तर शिक्का उमटला. दोघींच्याही हक्काची दोरी एकाच खुंटीला बांधलेली आहे, आणि मला खरी अडचण तिथे दिसते. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात अजून लिहिलेलं आहे की लग्नानं स्त्रीला नवऱ्याचा अधिवास मिळतो. तो भाग हिंदू-मुसलमानांना लागू नाही, पण कल्पना सगळ्यांचीच आहे. नवऱ्यामुळे औषध मिळत असेल तर नवरा मारतो तेव्हा औषध कुठे शोधायचं? ब्रिटनला हे उशिरा का होईना उमगलं: तिथे 2012 पासून हिंसाचारामुळे लग्न मोडलेल्या जोडीदाराला काही काळ स्वतंत्र मुक्काम आणि सार्वजनिक निधीची मदत मागता येते. मुदत पहिल्यापासून तीन महिन्यांची. तीन महिन्यांत घर, नोकरी आणि वकील.

मैत्रिणीला मी शेवटी विचारलं की व्हिसा तुझ्या एकटीच्या नावावर असता, तर बाळंतपणानंतर मिंधं वाटलं असतं का? ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, नसतं वाटलं बहुतेक.

राजस्थानच्या जनआधार कार्डावर कुटुंबाची मुखिया म्हणून घरातल्या प्रौढ स्त्रीचं नाव असतं. आमच्या कार्डावर माझं आहे. मी तिथली रहिवासी झाले ती नवऱ्यामुळे, आणि नवरा त्याच कार्डावर आहे तो मुखियाचा पती म्हणून. ई-मित्रवाल्या मुलाला मी एकदा विचारलं, उद्या आम्ही वेगळे झालो तर यातून कोण बाहेर पडणार? त्यानं मान वर न करता सांगितलं, “मॅडम, उसके कागज़ अलग लगेंगे.”