भीती कोणाच्या कामाची?

कार्टूनपट मुलांसाठीच असतात असे समजून आपण टीव्ही लावून देतो व आपल्या कामाला लागतो. डिस्नेचा २०१६ सालचा 'झूटोपिया' मात्र मोठ्यांनीही मुलांशेजारी बसून पाहावा असा आहे.

या प्राण्यांच्या शहरात शिकारी जातीचे प्राणी दहात एक. बाकीचे पूर्वी त्यांचे भक्ष्य होते. आता सारे एकत्र नांदतात. ज्युडी ही सशाची मुलगी पोलीस होते. ती मनाने चांगली. तरी आईवडिलांनी दिलेला, कोल्ह्यांना पळवून लावणारा फवारा कमरेला बाळगते. काही शिकारी प्राणी अचानक पिसाळतात, तेव्हा पत्रकारांसमोर ती बोलून जाते की, हे त्यांच्या रक्तातच असावे. तेवढ्याने शहर दुभंगते. तिचा मित्र निक कोल्हा दुखावतो. शेवटी कळते, एका फुलाचे विष मारून त्यांना पिसाळवले होते उपमहापौर मेंढीने. घाबरलेले बहुसंख्य आपल्यामागे उभे राहतील, हा तिचा हिशेब.

पण सारा दोष मेंढीचा का? तिने विष पेरले. जमीन मात्र प्रेमळ घरांनी काळजीपोटी आधीच नांगरून ठेवली होती. वाईट कृत्यापासून मुलांना सावध करणे वेगळे आणि 'ते लोक तसलेच' असे शिकवणे वेगळे. माणसामाणसांत तर कोल्हा-सशाएवढाही फरक नाही!

ज्युडी निकची माफी मागते. आपण मुलांच्या कमरेला कोणता फवारा अडकवून देत आहोत, हे प्रत्येक घराने तपासून पाहावे.