एक दिवस उशिरा

२०२२ साली १० जुलैला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. कुर्बानीला तीन दिवसांची मुभा असते. ईदची नमाज पढून आलो आणि अम्मीला म्हटलं, 'कुर्बानी उद्या करू.' शेजारी मित्राचं घर, भिंत सामाईक, वहिनींचा कडक उपवास. कुणी सांगितलं नव्हतं. दुपारी त्यांच्याकडून साबुदाण्याची खिचडी आली. त्यांची धाकटी दिवसभर आमच्या ओट्यावर बकऱ्याला पाला चारत बसली.

२०२३ साली २९ जूनला पुन्हा तोच योग. या वेळी गावोगावी बैठका झाल्या, निर्णय जाहीर झाले. चांगलंच झालं. पण गल्लीच्या तोंडाशी एका अनोळखी गृहस्थानं विचारलं, 'यंदाही थांबणार ना?' मी थांबणारच होतो. तरी ते 'ना' खुपत राहिलं. खुशीनं दिलेलं दुसऱ्या वर्षी हक्कानं मागितलं गेलं, तर ती भेट राहते की वसुली होते? आणि मागितलं म्हणून ताठ्यानं नाकारणं, हा तरी कुठला स्वाभिमान? शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनमध्ये मोठा मानला आहे. मग राग कशाचा? मागणारा शेजारी नव्हता, याचा असावा. मित्रानं तर दोन्ही वर्षी याविषयी चकार शब्द काढला नाही.

संध्याकाळी धाकटी आली.

'चाचा, आमच्यासाठी थांबलात?'

'हो.'

तिनं बकऱ्याच्या गळ्यात हात टाकले. 'मग अजून एक दिवस थांबा ना.'

पाला संपला होता. तो आणायला मी उठलो.