स्वाक्षरी कोणाची?

रामायणातील मुद्रिकेचा प्रसंग आम्हां मराठी घरांतून लहानपणीच कानांवर पडतो. अशोकवनातील सीता समोर आलेल्या वानराच्या नुसत्या शब्दावर विश्वास ठेवीत नाही. रावण मायावी, तो कोणतेही रूप घेतो, हे तिने भोगलेले असते. मारुती रामनामांकित अंगठी पुढे करतो तेव्हा तिचा संशय फिटतो. आणि तो परत निघतो तेव्हा ती आपला चूडामणी त्याच्याजवळ देते, रामालाही खूण पटावी म्हणून. एका बाजूने ओळख पटून भागत नाही, हे त्या कथेला ठाऊक होते. परवा हा प्रसंग आम्हांला अगदीच अनपेक्षित ठिकाणी आठवला.

आमच्या सूनबाई घरी बसून एका खासगी कंपनीचे आकडेवारीच्या विश्लेषणाचे काम करतात. ‘टॅब्लो’ नावाचे आलेख काढणारे साधन क्लाउडवरील पोस्टग्रेस डेटाबेसला जोडण्यात त्यांची सारी सकाळ गेली. आम्ही चहाचा पेला घेऊन डोकावलो आणि विचारले, “अगं, पासवर्ड विसरलीस की काय?”

“नाही बाबा, इथे पासवर्डच नाही. प्रमाणपत्रावर ओळख पटते.”

मग त्यांनी आम्हांला जे समजावले त्याचा सारांश असा. पासवर्ड म्हणजे दोघांना ठाऊक असलेले गुपित. ते दुसऱ्यास सांगितल्याशिवाय आपली ओळख पटत नाही, आणि सांगितले की ते तेवढे उघडे पडते. प्रमाणपत्राची रीत निराळी. येथे किल्ल्यांची जोडी असते. एक सार्वजनिक, ती प्रमाणपत्रात नावासह नोंदलेली असते, आणि त्यावर प्रमाणन करणाऱ्या संस्थेची सही असते. दुसरी खासगी. ती कोणालाही दाखवायची नाही, डेटाबेसलासुद्धा नाही. जोडणीच्या वेळी जो संवाद होतो त्यावर आपले यंत्र खासगी किल्लीने सही करते, पलीकडचे यंत्र सार्वजनिक किल्लीने ती पडताळते, मग प्रमाणपत्रातील नाव आणि डेटाबेसच्या दफ्तरातील नाव जुळते का ते पाहते. अंगठी चोरून कोणीही दाखवू शकेल. येथे अंगठी बोटातून काढावीच लागत नाही.

आणि चूडामणी? तोही आहे. डेटाबेसनेही आपले प्रमाणपत्र दाखवायचे असते, आणि ते पडताळून पाहणे हे जोडणाऱ्याचे काम. पण पुष्कळ साधनांत एक सोयीस्कर चौकट असते: तेथे खूण केली की प्रमाणपत्र न तपासताच ते खरे मानले जाते. संदेश कुलूपबंद जातो खरा. तो कोणाच्या हाती पडतो हे मात्र पाहिलेले नसते. घाईत असलेली माणसे ती खूण करून मोकळी होतात असे सूनबाई म्हणाल्या. आम्हांला नवल वाटले नाही. मूळ कागद न पाहता ‘सत्यप्रत’ असा शिक्का मारणारे राजपत्रित अधिकारी आम्ही आयुष्यभर पाहिले आहेत.

वाचक विचारतील, प्रमाणन करणाऱ्या संस्थेचेच काय? शंका रास्त आहे. २०११ साली नेदरलँड्समधील ‘डिजिनोटार’ या संस्थेच्या यंत्रणेत चोर शिरले आणि त्यांनी गूगलसह अनेकांच्या नावांची पाचशेहून अधिक खोटी प्रमाणपत्रे काढली. इराणमधील सामान्य माणसांची खासगी पत्रे त्यांच्या आधारे वाचण्याचा उद्योग झाला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात संस्थेचे दिवाळे वाजले. शिक्कामोर्तब करणाराच ढिला पडला तर खालचे सारे दफ्तर संशयित ठरते. पण आम्हांला अधिक अस्वस्थ केले ते एका लहानशा गोष्टीने.

जोडणी वारंवार नाकारली जात होती. अखेर कारण सापडले: खासगी किल्लीची फाइल संगणकावरील इतर वापरकर्त्यांनाही वाचता येईल अशी ठेवली गेली होती. लिनक्सवर पोस्टग्रेसची नेहमीची जोडणी-प्रणाली अशी किल्ली वापरण्यासच नकार देते. किल्ली खरी, प्रमाणपत्र खरे, नाव खरे. पण जी दुसऱ्यालाही उघडी आहे ती तुमची कशी, असा जणू तिचा प्रश्न. सूनबाईंनी परवानगी बदलली आणि आलेख पडद्यावर आले. त्या आनंदात होत्या. आमचे मन मात्र बारा वर्षे मागे गेले.

सेवेच्या अखेरच्या काळात आम्हांस संगणकीय स्वाक्षरीचे टोकन मिळाले होते. बोटाएवढी वस्तू; ती संगणकाला लावायची, पिन द्यायचा, की देयकावर आमची सही. वास्तविक खासगी किल्ली आपल्या ताब्यात राखण्याची वाजवी काळजी धारकाने घ्यावी असे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० सांगतो. आम्ही ते टोकन पिनच्या चिठ्ठीसह बड्या बाबूंच्या खणात ठेवीत असू. सगळेच ठेवीत. मार्चअखेरीस देयकांचा ढीग असे आणि बाबू विश्वासाचे होते.

थोरल्या कन्येच्या विवाहासाठी आम्ही दहा दिवस रजेवर असताना एका ठेकेदाराच्या देयकावर आमची सही झाली. पुढे लेखापरीक्षणात मोजमाप कमी निघाले. पत्र आले: स्वाक्षरी आपलीच आहे काय?

आता काय लिहावे? ‘नाही’ म्हटले तर हात आमचा नव्हता हे अक्षरशः खरे. रजेचा अर्जही साक्षीला होता. पण मग बाबूंची नोकरी जाणार, आणि चिठ्ठी देणारे तर आम्हीच. ‘होय’ म्हटले तर त्या क्षणी आम्ही मांडवात व्याह्यांच्या स्वागताला उभे होतो, त्याचे काय? आम्ही दोन रात्री विचार करून ‘होय’ असे लिहिले. रजेचा उल्लेख केला नाही. कोणी विचारलेही नाही. जादा गेलेली रक्कम ठेकेदाराच्या पुढच्या देयकातून वळती झाली, आम्हांस लेखी समज मिळाली आणि प्रकरण मिटले. बाबूंनी केबिनमध्ये येऊन पायांवर डोके ठेवले. आम्ही उपकार केले असे त्यांस वाटले होते, आणि ती समजूत आम्ही दूर केली नाही. खरे सांगायचे तर त्या दिवशी आम्हांलाही ते थोडे आवडले होते.

हे सारे आम्ही सूनबाईंना सांगितले. त्यांनी विचारले, “मग बाबा, तुमचं उत्तर खरं होतं की खोटं?” आम्ही म्हटले की किल्ली आमची, म्हणून सही आमची, उत्तर खरे होते. रजेची गोष्ट लपविली तेवढे खोटे. त्यांचे समाधान झालेले दिसले नाही. “पण ते देयक तुम्ही असतात तर मोजमाप पाहिलं असतं?” यावर आम्हांस लगेच बोलता आले नाही. मार्चच्या ढिगात आम्ही ते पाहिले असते असे छातीवर हात ठेवून म्हणवेना.

सायंकाळी त्यांच्या एका सहकाऱ्याचा फोन आला. त्याला रविवारी अहवाल काढायचा होता. सूनबाईंनी आपली किल्लीची फाइल पाठवावी, एवढेच त्याचे म्हणणे. त्यांनी नाही म्हटले आणि त्याच्या नावाचे वेगळे प्रमाणपत्र काढून घेण्याची खटपट सुरू केली. स्वयंपाकाला उशीर झाला. आमटीला फोडणी आम्ही दिली.