बायोडेटा : स्वतःविषयी दिलेली साक्ष



परीक्षांचे निकाल लागले की धर्मग्राम कार्यालयात तरुण-तरुणींची ये-जा वाढते. कुणाला चारित्र्याचा दाखला हवा असतो, तर कुणाला शिफारसपत्र. सही करण्यापूर्वी आम्ही त्यांचा बायोडेटा मागून घेतो व वाचतो. असे पुष्कळ कागद हातांखालून गेल्यावर एक प्रश्न मनात घोळत राहिला : स्वतःची ओळख स्वतःच करून देताना माणसाने किती सांगावे? वाचणाऱ्याचे लक्ष वेधणे आणि नम्र राहणे या दोन गोष्टी एकाच कागदावर नांदू शकतात का?

दोन बायोडेटा विशेष आठवतात. पहिला एका तरुणाचा. इंग्रजीवर प्रभुत्व, फ्रेंचचे ज्ञान, नेतृत्वगुण, दडपणाखाली काम करण्याची क्षमता, सारे काही त्यात होते. ‘फ्रेंच कुठे शिकलास?’ असे विचारताच तो ओशाळून हसला. मित्राचा बायोडेटा घेऊन त्याने फक्त नाव-पत्ता बदलला होता. ‘फादर, सगळेच असं लिहितात,’ तो म्हणाला.

दुसरा बायोडेटा एका बी. कॉम. झालेल्या मुलीचा. ‘अनुभव’ या शब्दापुढे तिने लिहिले होते, ‘नाही’. प्रत्यक्षात तीन वर्षे ती वडिलांच्या फुलांच्या धंद्याचे हिशेब सांभाळत होती. दादरच्या बाजारातील कोणत्या व्यापाऱ्याकडून किती येणे आहे, हे तिला तोंडपाठ होते. शिवाय दर रविवारी ती २२ मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेत असे. हे का लिहिले नाहीस, असे विचारले तर म्हणाली, ‘फादर, ते काय, घरचंच काम!’

पहिल्या कागदाला आपण लगेच खोटे म्हणतो. दुसऱ्याला मात्र नम्र म्हणून शाबासकी देतो. इथेच थोडे थांबून विचार करायला हवा.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही ॲरिस्टॉटलचे नीतिशास्त्र अभ्यासले. स्वतःविषयी खरे बोलणारा माणूस तो दोन टोकांच्या मध्ये उभा करतो : एका बाजूला बढाईखोर, दुसऱ्या बाजूला स्वतःला उगाच कमी लेखणारा. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच विचार पुढे नेला. स्वतःविषयी बोलताना थोडे कमी सांगणे हे जास्त सांगण्यापेक्षा बरे, असे ते मानतात. कारण आपल्यातील सगळे चांगले न सांगणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. परंतु आपल्यात जे आहे ते ‘नाही’ म्हणून नाकारणे हे मात्र सत्याला सोडून आहे. त्या मुलीच्या ‘अनुभव : नाही’ या दोन शब्दांत नेमके हेच घडले होते. तिने बढाई टाळली, पण साक्ष मात्र चुकीची दिली.

आता हा कागद वाचणाऱ्याच्या बाजूने पाहू या. तोही आपला शेजारीच आहे. एका जागेसाठी त्याच्या टेबलावर अर्जांचा ढीग असतो. मोठ्या कंपन्यांत तर पहिली चाळणी पुष्कळदा संगणक लावतो. ‘मेहनती, प्रामाणिक, मनमिळाऊ’ हे शब्द जवळजवळ प्रत्येक अर्जात असल्याने त्यांवर त्याची नजर ठरत नाही. त्याला हवे असते ते एवढेच : या व्यक्तीने नेमके काय केले, किती केले आणि आमच्या कामाशी त्याचा संबंध काय? म्हणून ‘हिशेबाची आवड’ असे लिहिण्यापेक्षा ‘फुलांच्या कौटुंबिक व्यवसायाचे हिशेब तीन वर्षे ठेवले, व्यापाऱ्यांची येणी-देणी दररोज नोंदवली’ असे लिहिणे चांगले. या वाक्यात स्तुती नाही, पण लक्ष वेधण्याची ताकद आहे. नेमकेपणा हीच बायोडेटाची खरी नम्रता आहे आणि तीच त्याची खरी युक्तीही आहे.

काही जण विचारतील, नोकरीला सोयीचे तेवढेच निवडून सांगणे ही लबाडी नव्हे का? आम्हांला तसे वाटत नाही. सुमारे १४८२ साली लिओनार्दो दा विंची याने मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्यासाठी असेच एक पत्र तयार केले. त्यात त्याने पूल बांधणे, तोफा, युद्धयंत्रे यांविषयी मुद्देसूद लिहिले आणि आपली चित्रकला अगदी शेवटी सांगितली, कारण राज्यकर्त्याची गरज त्याने ओळखली होती. ज्याविषयी शंका वाटेल ते करून दाखवायला तयार आहे, असे सांगून त्याने पत्र संपवले. ‘परीक्षा घ्या’ असे जो म्हणू शकतो, त्याने निवडून सांगायला हरकत नाही.

याच्या उलट उदाहरण आपल्या काळातले आहे. अमेरिकेतील एमआयटी या विख्यात संस्थेत मेरिली जोन्स या प्रवेश विभागाच्या प्रमुख होत्या. प्रवेशाच्या स्पर्धेचा ताण मुलांवर लादू नका, असे त्या पालकांना कळकळीने सांगत आणि त्यासाठी त्या नावाजल्या गेल्या. २००७ साली त्यांना राजीनामा द्यावा लागला. १९७९ मध्ये नोकरीला लागताना त्यांनी नसलेल्या पदव्या असल्याचे भासवले होते. पुढची २८ वर्षे चांगले काम करूनही कागदावरच्या त्या ओळी पुसल्या गेल्या नाहीत. पकडले जाणे ही शिक्षा खरीच. पण इतकी वर्षे ते ओझे मनावर वागवत रोज कामावर जाणे, हीसुद्धा काही लहान शिक्षा नव्हे.

तरीही ‘सगळेच असं लिहितात’ या वाक्याचे उत्तर द्यायला हवे. खरे लिहिणाऱ्यालाच नोकरी मिळेल, असे वचन आम्ही देऊ शकत नाही. कधी कधी खोटे लिहिणारा पुढे जातो. पण तेव्हा तो ती जागा कुणाकडून तरी हिरावून घेतो. कदाचित रात्र रात्र जागून खरोखर फ्रेंच शिकलेल्या एखाद्या मुलाकडून. आठवी आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये असे सांगते. बायोडेटातल्या खोट्याने दुखावला जाणारा शेजारी आपल्याला दिसत नाही एवढेच. पण तो असतो.

म्हणून तरुणांनो, बायोडेटा लिहून झाला की प्रत्येक ओळीवर बोट ठेवून तीन प्रश्न विचारा. हे मी खरेच केले आहे का? याविषयी कुणी पाच मिनिटे प्रश्न विचारले तर मी बोलू शकेन का? आणि जे केले ते लाजून गाळले तर नाही ना? घरातील आजारी माणसाची सेवा करण्यासाठी किंवा मुलांना वाढवण्यासाठी नोकरी सोडली असेल, तर मधली वर्षे लपवू नका. एका ओळीत सरळ सांगा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. आज संगणकाला सांगितले तर तो क्षणात गुळगुळीत बायोडेटा लिहून देतो. भाषेसाठी त्याची मदत जरूर घ्या, पण तुमचे आयुष्य त्याला ठाऊक नाही हे विसरू नका.

आपल्याकडे बायोडेटाच्या शेवटी, वरील सर्व माहिती सत्य आहे, अशी एक ओळ असते. बहुतेक जण ती न वाचताच खाली सही करतात. आमची विनंती आहे की, लिहायला बसताना ती ओळ आधी लिहा आणि मग तिच्या वर बाकीचे भरा.

त्या मुलीने कार्यालयातच बसून आपला बायोडेटा पुन्हा लिहिला. वाचून झाल्यावर ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘फादर, हे सगळं मीच केलंय, नाही का?’ आम्ही दाखल्यावर आनंदाने सही केली.

आपले धर्मगुरू