न पडलेल्या टाक्यांचा हिशेब

मराठीत मुखवटा गळून पडतो, नाहीतर टराटरा फाडला जातो. या शब्दाला ढोंगाचा वास चिकटलेला आहे. गौरी बसवताना मात्र तोच शब्द आपण निराळ्या मनाने उच्चारतो. तिथे मुखवट्याआड काही दडवायचे नसते. तो चढला की गौरीला चेहरा येतो. आइस हॉकीतल्या गोलरक्षकांचे जुने फायबरग्लासचे मुखवटे या दुसऱ्या जातीचे आहेत, असे माझे म्हणणे आहे. भित्र्याचा आडोसा म्हणून त्यांची हेटाळणी झाली. पण भीती लपवण्याची कसरत मुखवटा नसलेल्या चेहऱ्यांनाच करावी लागत होती.

आइस हॉकीत मारायची असते ती ‘पक’ नावाची कडक रबराची चकती. व्यास तीन इंच, जाडी एक इंच, वजन साधारण १६० ग्रॅम. जोरकस फटका बसला की वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे. सहा फूट रुंद, चार फूट उंच चौकटीपुढे उभे राहून ती अडवणारा माणूस कित्येक दशके उघड्या तोंडाने उभा होता. १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये प्रतिस्पर्धी अँडी बाथगेटचा फटका माँट्रिअल कॅनेडियन्सचा गोलरक्षक जॅक प्लांट याच्या तोंडावर बसला. टाके घालून झाल्यावर प्लांट म्हणाला, मुखवटा घालू देणार असाल तरच बर्फावर येतो. सरावात तो मुखवटा वापरत असेच. सामन्यात वापरायला प्रशिक्षक टो ब्लेक यांचा विरोध होता. पण राखीव गोलरक्षक हाताशी नव्हता, तेव्हा ब्लेक यांना मान तुकवावी लागली. माँट्रिअलने सामना ३-१ असा जिंकला.

गोष्टीतला सर्वांत बोलका तपशील तो राखीव गोलरक्षक नसण्याचा आहे. तेव्हा नॅशनल हॉकी लीगमध्ये संघ सहाच आणि संघामागे गोलरक्षक एकच. म्हणजे या धंद्यात अव्वल दर्जाच्या नोकऱ्या सहा. दोन गोलरक्षक तयार ठेवण्याची सक्ती झाली ती १९६५-६६च्या सुमारास. तोवर जखमी होऊन बाहेर बसणे म्हणजे आपली जागा दुसऱ्याला दाखवणे. अशा व्यवस्थेत ‘मला भीती वाटते’ हे वाक्य परवडत नाही. आपण ज्याला त्या पिढीचे शौर्य म्हणतो, त्यात पोटाच्या धास्तीचा वाटा किती होता हे एकदा वजा करून पाहायला हवे. ग्लेन हॉलने १९५५ ते १९६२ या काळात लागोपाठ ५०२ सामने मुखवट्याविना खेळले. हा विक्रम पुन्हा होणे नाही. याच हॉलला सामन्याआधी ताणाने उलट्या होत. भीती होतीच, तिला बाहेर पडायला तेवढीच वाट उरली होती.

ब्लेक यांची बाजू मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मुखवट्यामुळे पायाशी आलेली चकती दिसत नाही, हा त्यांचा आक्षेप होता आणि त्याला आधारही होता. १९३० साली गोलरक्षक क्लिंट बेनेडिक्टने फुटलेल्या नाकावर चामड्याचा मुखवटा बांधून पाहिला होता. त्याने नजर अडू लागली म्हणून थोड्याच सामन्यांत तो उतरवला. पण हा आक्षेप पडताळून पाहता येण्याजोगा होता, आणि तो पडताळला गेला. ८ मार्च १९६० रोजी ब्लेक यांच्या आग्रहाखातर प्लांट मुखवट्याविना खेळला आणि डेट्रॉइटकडून माँट्रिअल ३-० असे हरले. एका सामन्यावरून सिद्धांत मांडू नये, हे मान्य. पण त्याच मोसमात पुन्हा मुखवटा चढवलेल्या प्लांटच्या संघाने सलग पाचवा स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचे विजेतेपद, जिंकला. एवढे होऊनही लीगमधला शेवटचा उघड्या चेहऱ्याचा गोलरक्षक, अँडी ब्राउन, एप्रिल १९७४पर्यंत खेळत राहिला. अडथळा नजरेचाच असता तर पुरावा समोर आल्यावर चौदा वर्षे लागली नसती. अडथळा मर्दानगीचा होता. (प्लांट फावल्या वेळात लोकरीच्या टोप्या विणत असे. त्या कल्पनेत तो आधीच बसत नव्हता, हे बरेच झाले.)

जुन्या खेळाचे चाहते म्हणतील, धोका गेला आणि थरारही गेला. हा सूर आपल्या ओळखीचा आहे. वेस्ट इंडीजच्या तोफखान्यापुढे हेल्मेटविना उभा राहिलेला गावसकर सांगताना आपलाही आवाज चढतो. त्याच गावसकरने पुढे टोपीखाली कवटीला बसणारे कवच घातले, हे आपण खालच्या पट्टीत सांगतो. त्याने त्याच्या बचावाची प्रत उतरली, असे मात्र कोणी म्हणत नाही.

दोन चित्रे शेजारी ठेवावीत. १९६६ साली ‘लाइफ’ साप्ताहिकाने गोलरक्षक टेरी सॉचकचा चेहरा छापला. सॉचकची नोंद १०३ सामन्यांत एकही गोल न देण्याची. तो विक्रम २००९पर्यंत टिकला. रंगभूषाकाराने त्याच्या चेहऱ्यावर वर्षानुवर्षांचे टाके एकदम रेखाटले होते, आणि ते खरोखर पडलेले टाके होते. दुसरे चित्र बॉस्टनच्या जेरी चीव्हर्सच्या पांढऱ्या मुखवट्याचे. सरावात एक हलकीशी चकती मुखवट्यावर आदळल्याचे निमित्त करून हा गडी कपडे बदलायच्या खोलीत जाऊन बसला. प्रशिक्षकाने परत पिटाळला, तेव्हा संघाच्या मदतनिसाने गमतीने काळ्या शाईने मुखवट्यावर टाके काढून दिले. पुढे प्रत्येक आघातागणिक त्यांत भर पडत गेली. चीव्हर्सचा मुखवटा म्हणजे न पडलेल्या टाक्यांची खतावणी. कामचुकारपणातून जन्मलेली ही थट्टा मला त्या खेळातली सर्वांत प्रामाणिक कलाकृती वाटते, कारण बचाव एरवी दिसतच नाही. जखम दिसते, व्रण दिसतो. टळलेली जखम कोणी पाहिलेली नसते.

या मुखवट्यांचा गौरव करताना त्यांचे उणेपण झाकायला नको. ते चेहऱ्याच्या साच्यावर बेतलेले, चेहऱ्याला चिकटून बसणारे; आघात थेट हाडापर्यंत जाई. डोळ्यांची भोके तर उघडीच. फेब्रुवारी १९७९मध्ये काठीचे टोक तशाच भोकातून आत घुसले आणि फिलाडेल्फियाच्या बर्नी पॅरेंटची कारकीर्द संपली. आजची जाळीची शिरस्त्राणे अधिक सुरक्षित आहेत. संग्राहकांनी कितीही उसासे टाकले तरी जुन्याकडे परत जाण्यात अर्थ नाही.

तरी मे १९७०मधला सेंट लुईसचा तो दिवस राहतोच. स्टॅन्ली कपच्या अंतिम फेरीचा पहिला सामना. एका टोकाला बॉस्टनचा चीव्हर्स, शाईचे टाके मिरवत. दुसऱ्या टोकाला एकेचाळीस वर्षांचा प्लांट, आता सेंट लुईसकडून. बॉस्टनच्या फ्रेड स्टॅनफील्डचा फटका वाटेत दिशा बदलून प्लांटच्या कपाळावर आदळला. मुखवटा तडकला आणि प्लांट बेशुद्ध होऊन बर्फावर कोसळला. मुखवट्यानेच जीव वाचवला, असे त्याने नंतर सांगितले.