डझनाचा दर

झोपडपट्टीतल्या बायकांना हस्तकलेतून चार पैसे मिळावेत असं मनात आलं, की आपण आधी प्रशिक्षणाचा वर्ग काढतो. वर्गाच्या शेवटी प्रमाणपत्र, जमलंच तर शिलाई मशीन. हेतू चांगलाच आहे, पण अडलंय ते तिथे नाही. मुंबईच्या वस्त्यांमधल्या कितीतरी बायका आधीपासूनच घरी बसून हातकाम करतात. श्रावणाच्या बऱ्याच आधी राख्यांचा माल येतो : दोरा, मणी, टिकल्या, गोंद. दुपारचं जेवण उरकलं की पिशवी उघडते आणि शाळेतून आलेली मुलंही मणी ओवायला बसतात. हिशेब डझनावर. माल देणारा सांगेल तो दर, आणि एखाद्या राखीवर गोंद पसरला तर पैसे किती कापायचे तेही तोच ठरवणार. खोलीचं भाडं, विजेचं बिल, भरून आलेली मान यांतलं काहीही त्या दरात धरलेलं नसतं. या बाईच्या हातात कला आहे. दर मात्र तिच्या हातात नाही.

‘घरबसल्या मिळतंय, हे काय कमी?’ असं म्हणणारे तिच्या भल्याचंच बोलत असतात. तान्हं मूल किंवा अंथरुणाला खिळलेली सासू सोडून जिला बाहेर पडता येत नाही, तिला या कामाचा खरोखर आधार असतो. पण तिला दुसरा मार्ग नाही म्हणून कमी द्यायचं, हे तिच्या अडचणीचा फायदा घेणं आहे. 1948च्या किमान वेतन कायद्यानंही माल घरी नेऊन काम करणाऱ्याला कामगारच मानलं होतं.

‘दर वाढवून मागितला तर व्यापारी माल दुसऱ्या वस्तीत नेईल’ हा आक्षेप जास्त जड आहे, कारण तसं घडतं. अहमदाबादच्या दरियापूर भागात गिरण्यांच्या चिंध्या जोडून गोधड्यांच्या खोळी शिवणाऱ्या मुस्लिम बायका होत्या. इला भट यांनी 1972 साली उभ्या केलेल्या ‘सेवा’ संघटनेच्या बळावर त्यांनी वाढीव दर मागितला, तेव्हा व्यापाऱ्यांनी त्यांची कोंडी केली. मग त्यांनी चिंध्या थेट गिरण्यांकडून घेतल्या, खोळी स्वतः विकल्या आणि ‘सबीना’ ही सहकारी संस्था उभी राहिली. हे सोपं नव्हतं; पुढे अहमदाबादच्या गिरण्याच एकेक करून बंद पडत गेल्या. तरीही एकट्या बाईनं नाही म्हटलं तर तिचं काम जातं, आणि शंभरजणींनी मिळून म्हटलं तर बोलणी सुरू होतात, हे त्यातून दिसलंच.

दिवाळीच्या प्रदर्शनात कीव येऊन घेतलेल्या चार पणत्यांनी हे बळ येत नाही. पणती तिरकी असेल तर घेऊ नये. हातकामाला सूट नको, गिऱ्हाईक हवं. दिवाळीला शेकडो भेटवस्तू वाटणाऱ्या कंपन्यांनी बायकांच्या गटाला चैत्रातच लेखी ऑर्डर द्यावी, डझनाचा दर त्यांच्याशी बसून ठरवावा आणि कच्च्या मालापुरती रक्कम आगाऊ द्यावी. स्टॉलवर भाव करणाऱ्या आपल्यासारख्यांनीही आधी एवढं विचारावं, की यातले करणारीला किती मिळाले आणि कधी मिळाले.