गोळीवर खापर फोडू नकोस

मान वर कर. आठ दिवस थायरॉइडची गोळी बंद केलीस आणि वर मलाच ऐकवतेस, "बाई, त्या गोळीनंच दुपारी गुंगी यायची, आता बरं वाटतंय." कुणाला विचारून बंद केलीस? शेजारणीला! ती कधीपासून डॉक्टर झाली?

दहावीला विज्ञान मी शिकवलं तुला, म्हणून राग जास्त येतोय. प्रयोग असा करतात? हे औषध रक्तात निम्म्यावर यायलाच सातेक दिवस लागतात. तू सोडलं म्हणत होतीस, तेव्हा ते अंगात मुक्काम ठोकून होतं. बरं वाटलं, कारण त्याच आठवड्यात दुकान बंद ठेवून माहेरी झोपा काढल्यास.

आणि घेत कशी होतीस? चहाच्या घोटाबरोबर, वर कॅल्शियमची गोळी! अगं, कॅल्शियम आणि लोह या औषधाला आतड्यातच अडवतात. चार तासांचं अंतर हवं. चहानंही ते कमी शोषलं जातं. उठल्यावर साध्या पाण्याबरोबर घ्यायची, मग निदान अर्धा तास, जमलं तर तासभर पोटात काही नाही. बाटली कुठे असते? खिडकीत! माधवनगरच्या एप्रिलच्या उन्हात औषध शाबूत राहील? गोळी गिळलीस, पण अंगी लागली कितीशी? थायरॉइड कमीच राहिलं. आणि ते कमी असलं की काय होतं? थकवा! दोष मात्र गोळीचा.

1891 साली इंग्लंडात मरे नावाच्या डॉक्टरनं मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीचा अर्क टोचून एका बाईवर उपचार सुरू केले. ती पुढे 28 वर्षं जगली. तिनं मेंढीचा अर्क सोसला, तुला इवलीशी गोळी जड होते.

एक ते तीनच्या सुमाराला पेंग सगळ्यांनाच येते, न जेवलेल्यालासुद्धा. त्यात तुझा ताटभर भात, मग दोन तास झोप, सहाला चहा आणि रात्री साडेबारापर्यंत मोबाईल! भात निम्मा कर. गजर लावून वीस मिनिटं पड, की ऊठ. ऊन कललं की स्टेशनपर्यंत चालत जाऊन ये. आणि डुलक्या येत असताना स्कूटी घेऊन सांगलीच्या रस्त्याला लागलीस असं कानावर आलं, तर किल्ली मी काढून घेईन. नवऱ्यादेखत.

वानलेस साहेबांनी 1894 साली मिरजेत दवाखाना काढला, तेव्हापासून या मुलखात डॉक्टरांची वानवा नाही. लांबलांबचे लोक रेल्वेनं येतात, आणि तुला शेजारच्या गावी जाववत नाही! उद्या जा. गोळी बंद केली होती हे लपवू नकोस. चुकलेल्या आठ गोळ्या एकदम गिळायचा शहाणपणाही नको. किती ताकदीची घ्यायची ते डॉक्टर ठरवतील, शेजारीण नाही. नीट घ्यायला लागल्यावर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच परत तपासून घे. हिमोग्लोबिन आणि बी-12 चंही विचार, थकवा तिथूनही येतो.

रिपोर्टची फाइल आणलीस का? नाही ना? जा, घेऊन ये. मी बसलेय इथंच.